हार्नेसच्या पाठीवर छेदणारे पट्टे आणि डी-रिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंचीवर काम करणारे कामगार, त्यांचे मुकादम, साइटवरचे सेफ्टी ऑफिसर आणि इमारतीचं रंगकाम काढलेल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मला हार्नेसबद्दल, म्हणजे पडताना माणसाला धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांबद्दल, जे विचारतात, ते इथे एकत्र मांडलं आहे. बहुतेकांचे प्रश्न हुक आणि दोरीपासून सुरू होतात. प्रशिक्षणात मी मात्र सगळ्यात जास्त वेळ देतो तो पाठीवरच्या एका जागेला. दोन्ही खांद्यांवरून आलेले पट्टे तिथे एकमेकांना छेदतात आणि तिथेच डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची धातूची कडी, बसते. ही जागा घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, हातालाही नीट लागत नाही, आणि माणूस पडतो तेव्हा झटका पहिल्यांदा तिथेच बसतो.

पट्टे पाठीवर छेदायचे कशाला? सरळ खाली नेले तर काय बिघडतं?

नुसते सरळ नेलेले पट्टे ताण आला की बाजूला फाकतात, दप्तराचे पट्टे खांद्यावरून घसरतात तसे. छेदणाऱ्या रचनेत उजव्या खांद्याचा पट्टा डाव्या कमरेकडे जातो आणि डाव्याचा उजवीकडे. डी-रिंग वर खेचली गेली की दोन्ही पट्टे एकाच वेळी ताणले जातात आणि शरीर मधोमध राहतं. ताण तिथून बसण्याच्या जागेखालच्या पट्ट्याकडे आणि मांड्यांकडे उतरतो. झटका सोसायची ताकद मांड्यांमध्ये आणि नितंबांमध्ये आहे. पोटात, कमरेत किंवा बरगड्यांत ती नाही. म्हणून चांगल्या हार्नेसमध्ये भार खाली नेण्याची वाट पाठीवरच्या छेदापासून आखलेली असते.

काही हार्नेसमध्ये पट्टे समांतर उतरतात आणि मध्ये आडव्या पट्टीने जोडलेले असतात. तीही मान्य रचना आहे. मात्र ती आडवी पट्टी उसवलेली असेल, तर वर सांगितलेला फाकण्याचा धोका तिथे पुन्हा उभा राहतो.

छेदाच्या जागी पट्टे एकमेकांना जोडलेले कसे असतात?

साधारण दोन प्रकार बाजारात दिसतात. एकात छेद शिलाईने पक्का केलेला असतो. तो सरकत नाही, पण अंगाला बसवून घेण्याची सोयही कमी होते. सहा फुटी माणसाला आणि सव्वापाच फुटी माणसाला तोच छेद वेगवेगळ्या जागी येतो, म्हणून अशा हार्नेसमध्ये योग्य मापाचा नग घेणं फार महत्त्वाचं.

दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकची बॅक प्लेट असते. तिला खाचा असतात, पट्टे त्या खाचांतून ओवलेले असतात आणि डी-रिंगचा सरळ दांडा पट्ट्यांच्या घडीत अडकवलेला असतो. पट्टे घट्ट घासून बसतात म्हणून प्लेट जागेवर राहते, आणि हाताने ओढून ती वर-खाली करता येते. आपल्याकडच्या बांधकामांवर बहुतेक हाच प्रकार पाहायला मिळतो.

इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो. लोकांना वाटतं, पडणाऱ्याचा भार ती प्लेटच पेलते, म्हणून जाड प्लेट म्हणजे मजबूत हार्नेस. बहुतेक रचनांत भार पट्ट्यावर आणि धातूच्या डी-रिंगवर येतो. प्लेट फक्त सगळं जागच्या जागी धरून ठेवते. तरीही प्लेटला तडा गेला असेल तर हार्नेस बाद करायचा, कारण पट्टे जागेवरून हलले की भाराची वाट बदलते.

डी-रिंग नेमकी कुठे हवी?

दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, म्हणजे खांद्यामागच्या दोन सपाट हाडांच्या मधोमध.

खाली सरकली तर पडल्यावर माणूस पुढे कलंडतो आणि जवळजवळ आडवा लटकतो. युरोपातल्या ईएन ३६१ या मानकात १०० किलोचा पुतळा हार्नेस घालून ४ मीटर मोकळा पाडतात, एकदा पाय खाली करून आणि एकदा डोकं खाली करून. थांबल्यावर पुतळा उभ्या रेषेपासून ५० अंशांपेक्षा जास्त कललेला चालत नाही. ही चाचणी हार्नेस नीट बसवलेला असतानाची आहे. कमरेवर उतरलेल्या रिंगसाठी ती नाही. उलट रिंग फार वर, मानेजवळ असेल तर पडताना ती डोक्याच्या मागच्या बाजूला आपटू शकते.

सकाळी जागेवर असलेली रिंग दुपारपर्यंत खाली येते, याचं कारण बहुतेकदा लॅनयार्ड, म्हणजे रिंगपासून हुकपर्यंतची जोडदोरी, असतो. दुहेरी लॅनयार्ड आणि त्याचे मोठे स्कॅफोल्डिंग हुक दिवसभर पाठीवर लोंबत राहतात आणि प्लेटला हळूहळू खाली ओढतात. म्हणून जेवणानंतर परत वर चढण्याआधी जोडीदाराकडून रिंग बघून घ्या. स्वतःची स्वतः बघता येत नाही.

घालायला घेतला की सगळे पट्टे गुंतून जातात. सोपी पद्धत आहे का?

आहे. सगळी बकलं सोडा. हार्नेस डी-रिंगला धरून वर उचला आणि दोन-तीनदा झटका. खांद्याचे पट्टे आपोआप वर राहतात, मांडीचे खाली लोंबतात आणि छेदाजवळ पीळ असेल तर तो तिथेच दिसतो. मग जॅकेट घालतो तसे हात घाला, मांडीचे पट्टे लावा, छातीचा लावा आणि शेवटी ताण बरोबर करा. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात सरकला पाहिजे, मूठ जाता कामा नये. उरलेली टोकं लूपमध्ये खोचून टाका. लोंबणारं टोक मशीनमध्ये किंवा परांचीच्या क्लॅम्पमध्ये अडकतं.

प्लेटमध्ये पट्ट्याला एखादा पीळ राहिला तर एवढं काय?

मुख्य पट्ट्याची रुंदी ईएन ३६१ प्रमाणे किमान ४० मिलिमीटर असावी लागते, ती भार पसरावा म्हणून. पीळ पडलेला पट्टा कडेवर उभा राहतो आणि तेवढ्या अरुंद कडेवर सगळा ताण येतो. शिवाय पिळलेला पट्टा खाचेतून सरकत नाही. मग एक खांदा घट्ट, दुसरा ढिला, आणि रिंग एका बाजूला. पडल्यावर माणूस त्या बाजूला फिरतो आणि शेजारच्या भिंतीवर किंवा पाइपवर आपटतो. पीळ काढायला अर्धा मिनिटही लागत नाही, म्हणून याबाबतीत मी कुणाला सूट देत नाही.

मुकादम म्हणतात, छातीचा पट्टा उकाड्यात त्रास देतो, मांडीचा लावला की पुरे. खरं आहे का?

नाही. उकाडा खरा आहे, विदर्भातल्या मे महिन्यात लोखंडी पत्र्यावर काम करणाऱ्याची तक्रार मी हलक्यात घेत नाही. त्यावर उपाय म्हणजे कामाच्या वेळा बदलणं, सावली, पाणी आणि हलका हार्नेस. छातीचा पट्टा उघडा असेल तर पाठीवरचा छेद अर्धंच काम करतो. मागे पट्टे एकत्र धरलेले असतात, पण पुढे ते मोकळे. डोकं खाली होऊन पडणारा माणूस अशा मोकळ्या खांद्यांतून बाहेर घसरू शकतो. छातीचा पट्टा छातीच्या मधोमध लावा. गळ्याजवळ नको, कारण पडताना पट्टे वर सरकतात आणि तो गळ्याशी येतो.

छातीवर पट्टे छेदणारा हार्नेसही पाहिला. तो कुणासाठी?

त्यात दोन्ही खांद्यांचे पट्टे पुढेही छातीवर एकमेकांना छेदतात आणि तिथे एक रिंग असते. बऱ्याच स्त्री कामगारांना तो जास्त सोयीचा वाटतो, कारण आडवा पट्टा छातीवर दाबत नाही. शिडीवर चढणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो. मोबाइल टॉवर किंवा साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या डोळ्यांपुढे आणा. उभ्या शिडीला कायमची रेल किंवा केबल असेल तर तिच्यावर सरकणारा आणि पडताना जागीच अडकणारा फॉल अरेस्टर पुढच्या रिंगला लावतात. त्यामुळे पडण्याचं अंतर कमी राहतं आणि चढणाऱ्याला तो समोर दिसतो. मात्र पुढची रिंग पडणं थांबवण्यासाठी मान्य आहे का, हे लेबलवर पाहा. कमरेच्या बाजूच्या रिंगा तशा नसतात. त्या खांबाला टेकून दोन्ही हात मोकळे ठेवून काम करण्यासाठी असतात.

छोटा रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप आत ओढून घेणारा आणि झटका बसला की अडकणारा) थेट पाठीवरच्या पट्ट्यांना लावतात, तो कसा लावायचा?

काही ब्लॉक डी-रिंगला न लावता तिच्या मागे, छेदणाऱ्या पट्ट्यांच्या आतून पिन घालून बसवतात. पट्टे थोडे सैल करून प्लेटमागे फट करायची, पिन दोन्ही पट्ट्यांच्या मागून न्यायची, लॉक करायची आणि मग पट्टे पुन्हा ओढून घ्यायचे. एकाच पट्ट्यामागून पिन गेली तर सगळा झटका एका खांद्यावर येतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून लावल्यावर ब्लॉक हाताने जोरात ओढून बघा. दोन्ही खांदे सारखे ताणले गेले पाहिजेत. हार्नेसची आणि ब्लॉकची पुस्तिका अशी जोडणी मान्य करत असेल तरच हे करा.

रोज तपासायचं काय आणि कसं?

पट्ट्याची वीतभर लांबी दोन्ही हातांत धरा आणि उलट्या यू-सारखी वाकवा. ताणलेल्या पट्ट्यात लपलेले तुटके धागे आणि कापल्याच्या खुणा वाकवल्यावर उघड्या पडतात. असं करत पूर्ण पट्टा सरकत जा. शिलाईचा धागा मुद्दाम पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असतो, तुटला की लगेच नजरेत यावा म्हणून. पट्टा काळा आणि शिलाई पिवळी असेल, तर पिवळ्यात पडलेली फट शोधा. डी-रिंग फिरवून बघा, वाकलेली, गंजलेली किंवा कडेला धार आलेली नको.

आणि मग प्लेट सरकवा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. एका स्लॅबच्या कामावर मला दाखवलेला हार्नेस बाहेरून नवाकोरा वाटत होता. प्लेट हलवायला गेलो तर हलेना. खाचांमध्ये सिमेंटचं पाणी जाऊन वाळलं होतं आणि करड्या खरपुड्यांनी पट्टे धरून ठेवले होते. जोर लावून सरकवल्यावर प्लेटखालचा दोन बोटांएवढा भाग दिसला. पट्ट्याचा रंग उडालेला, पृष्ठभागावर धाग्यांची लव उभी राहिलेली, आणि एका कडेला दाताने कुरतडल्यासारख्या खाचा. वाळलेलं सिमेंट रोजच्या हालचालीत पॉलिशपेपरचं काम करत होतं. वापरणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याला कुणी ती जागा उघडून बघायला सांगितलंच नव्हतं.

रोजच्या तपासणीशिवाय जाणकार व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा लेखी तपासणी हवी. जिथे सिमेंट, रंग, वेल्डिंग किंवा रसायनं आहेत, तिथे ती याहून लवकर करावी.

धुवायचा कशाने?

साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. प्लेट सरकवून तिच्याखाली ब्रश फिरवा. सावलीत, वारा लागेल असा टांगून वाळवा. ब्लीच, थिनर, रॉकेल बिलकुल नको.

पट्टे बहुतेक पॉलिस्टरचे असतात. पॉलिस्टर आम्लाला बऱ्यापैकी टिकतं, पण तीव्र अल्कलीला कच खातं. नायलॉनचं याच्या उलट. ओलं सिमेंट आणि चुना दोन्ही अल्कधर्मी आहेत, म्हणून बांधकामावरचा हार्नेस संध्याकाळी नुसता झटकून ठेवू नका, पुसून ठेवा. वेल्डिंग करणाऱ्यांनी ठिणगी सोसणाऱ्या धाग्याचा वेगळा हार्नेस मागून घ्यावा. साध्या पट्ट्यावर ठिणगी पडली की तिथे कडक, चकाकणारा ठिपका तयार होतो. बोटाने चाचपलं की तो लागतो.

पावसाळ्यात कंटेनरमध्ये ओले हार्नेस ढिगाने पडलेले असतात. त्यांना बुरशी येते, बकलं गंजतात. भिंतीला खुंट्या मारा आणि प्रत्येक हार्नेस डी-रिंगने टांगा.

पट्टा प्लेटमधून निसटला. आम्ही ओवून घेतला तर? शिलाई उसवली तर टेलरकडून शिवून घेतली तर?

शिलाईला हात लावू नका. हार्नेसची शिलाई ठरावीक धाग्याने, ठरावीक नक्षीत आणि ठरावीक टाक्यांत केलेली असते. वरून मारलेल्या टाक्यांनी पट्ट्याला भोकं पडतात आणि तो आणखी कमजोर होतो. पट्टा निसटला असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत ओवण्याची आकृती दिली आहे का बघा. दिली असेल तर प्रशिक्षित माणसाने तशी जोडणी करावी आणि दुसऱ्याने तपासावी. आकृती नसेल तर हार्नेस कंपनीकडे पाठवा किंवा बाद करा. अंदाजाने ओवलेला पट्टा नुसता ओढून बघितला तर ठीक वाटतो, पण डी-रिंगचा दांडा घडीच्या बाहेर राहिला असेल तर झटक्याला ती सुटू शकते.

एकदा माणूस पडला, हार्नेसने वाचवला. तोच हार्नेस पुन्हा वापरायचा?

नाही. बऱ्याच हार्नेसमध्ये खांद्याच्या पट्ट्यावर किंवा डी-रिंगजवळ घडी घालून बारीक धाग्याने शिवलेली खूण असते. झटका बसला की ती फाटते आणि आतली रंगीत पट्टी दिसते. खूण शाबूत असली तरी पडणं थांबवलेला हार्नेस आणि लॅनयार्ड लगेच बाजूला काढायचा. आणि बाद केलेला हार्नेस कात्रीने कापूनच टाका, छेदाच्या दोन्ही बाजूंना. अख्खा टाकलेला हार्नेस भंगारातून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढतो.

नुसता कमरेचा बेल्ट चालणार नाही का?

पडणं थांबवायला नाही. सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, किंवा माणूस बेल्टमधून निसटतो. अमेरिकेत बांधकामावर पडणं थांबवण्यासाठी कमरेचा बेल्ट वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. आपल्या साइटवर आजही तो दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हार्नेस चांगला असला की खाली किती जागा मोकळी हवी?

हा हिशेब प्रत्येक मुकादमाने तोंडपाठ करावा. लॅनयार्ड २ मीटर. त्याचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे झटका शोषून घेणारा घडीचा भाग, उलगडतो तो ईएन ३५५ या युरोपीय मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १.७५ मीटर. पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत साधारण १.५ मीटर. सुरक्षेसाठी आणखी १ मीटर. एकूण सव्वासहा मीटर, आणि हे अंतर हुक लावलेल्या जागेपासून खाली मोजायचं. आपल्याकडे एक मजला साधारण ३ मीटरचा. म्हणजे पहिल्या मजल्यावर पायाशी हुक लावून काम करणारा माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आदळेल. हुक डोक्याच्या वर लावा किंवा रिट्रॅक्टेबल ब्लॉक वापरा. दोन्ही जमत नसेल तर कठडा किंवा जाळी लावा. अ‍ॅब्सॉर्बर झटका ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण सहाशे किलोच्या भाराइतका ठेवतो. तो नसेल तर पाठीवरच्या त्या छेदावर याहून कितीतरी जास्त ताण येईल.

पडून लटकलेल्या माणसाला किती वेळ मिळतो?

फार थोडा. हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, त्याला चक्कर येते, शुद्ध हरपते आणि जिवावर बेतू शकतं. हे काही मिनिटांतही होऊ शकतं. म्हणून अग्निशमन दलाला फोन करणं ही पूर्ण योजना नव्हे. फोन करायचाच, पण खाली उतरवण्याची शिडी, झुला किंवा दोरीची सोय काम सुरू करण्याआधी तयार हवी. तोवर लटकलेल्याने पाय हलवत राहावं. काही हार्नेसना पाय टेकवण्यासाठी छोटा पट्टा असतो, तो वापरावा.

सुटका झाल्यावर आडवं झोपवू नये, असं पूर्वी सांगितलं जायचं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २००९ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून नेहमीचे प्रथमोपचारच करावेत असं सांगितलं. श्वास, रक्तस्राव, शुद्ध बघा, गरज असेल तर झोपवा, आणि रुग्णालयात न्याच. माणूस ठणठणीत दिसला तरी न्या.

विकत घेताना लेबलवर काय वाचायचं?

भारतीय मानक आयएस ३५२१, आयएसआय खूण, निर्मितीचा महिना-वर्ष, अनुक्रमांक, माप आणि कमाल वजन. वजनात अंगावरची हत्यारं धरा. मानकातली चाचणी १०० किलोची असते. कामगार त्याहून जड असेल तर तेवढ्यासाठी मान्य असलेलाच नग घ्या. लेबल पुसून गेलं असेल, वाचता येत नसेल तर तो हार्नेस वापरातून काढा.

आमच्या सोसायटीचं रंगकाम सुरू आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही. काय बघावं?

तुम्ही तज्ज्ञ असण्याची गरज नाही. सकाळी काम सुरू होताना खाली उभं राहून वर जाणाऱ्यांच्या पाठी बघा. पट्टे सपाट छेदलेत का, रिंग खवाट्यांमध्ये आहे का, छातीचा आणि मांडीचा पट्टा लावलेला आहे का. मग हुक कुठे लावलाय ते बघा. एसीचा ब्रॅकेट, खिडकीचं ग्रिल, पाण्याचा पाइप ही हुक लावायची ठिकाणं नाहीत. झुल्यावर बसलेल्याची हार्नेसची दोरी झुल्याच्या दोरीपासून वेगळी, गच्चीवर वेगळ्या भक्कम ठिकाणी बांधलेली हवी, आणि कठड्याच्या धारेवर तिच्याखाली जाड कापड किंवा रबर हवं.

ठेकेदाराच्या करारात हार्नेस, स्वतंत्र दोरी आणि सुटकेची सोय यांचा खर्च वेगळा लिहून घ्या. सगळ्यात कमी दराचं टेंडर निवडताना हाच खर्च आधी कापला जातो. आणि एखाद्या रंगाऱ्याची रिंग कमरेवर आलेली दिसली तर तिथेच हाक मारा. "दादा, जरा खाली या, पट्टा नीट करून देतो" एवढं म्हणायला सेक्रेटरी असावं लागत नाही.